वखारीवरची हाळी

११ जानेवारी

चि. गवईबुवांस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून रुसला असशील तर रूस, इथून मला दिसत नाही.

पेपरातला तुझा फोटो पाहिला. चहावाल्याने तो कापून दुकानाच्या काचेला आतून चिकटवलाय. केस नीट विंचरलेले दिसतात, म्हणजे ते दुसऱ्या कुणीतरी विंचरले असणार. खाली छापलंय, कष्टकऱ्यांचा आवाज. मी तुझ्या भाऊजींना म्हटलं, ओंडके वाहायची पाळी आली की हा पोटात दुखतंय म्हणून आडवा व्हायचा, आणि आता बघा. ते म्हणाले की म्हणून तर बाबांनी त्याला गाण्याला लावलं, खांद्याला काम नाही तर तोंडाला तरी असावं. चेष्टा असू दे. फोटो लागला त्या दिवशी कारण नसताना हे दोनदा चहाला गेले होते.

आता कामाचं लिहिते. बाबा गेल्यावर ओंडका उचलायची हाळी तुझ्याकडे आली. तू गेल्यावर ती कुणाकडेच आली नाही. एका ओंडक्याला आठ माणसं लागतात, आणि आठांनी एकाच क्षणी उचललं नाही तर काय होतं ते तुला सांगायला नको. सध्या रोज एक जण समोर उभा राहतो. बारक्याचा आवाज ऐन वेळी चिरकतो. दुसरा एक आहे तो ओळी विसरतो आणि त्या जागी शीळ घालतो. माणसं हसतात, आणि हसत हसत ओझं उचलू नये. मी साल सोलता सोलता एक डोळा तिकडे ठेवून असते, त्यामुळे कोयत्याने दोनदा बोट कापून घेतलंय. काळजी करू नकोस, भरलंय.

परवा मुकादम आमच्या बायकांच्या ओळीत आला आणि म्हणाला की तुझ्या भावाची कॅसेट निघाली म्हणे. ती मागव, आपण खांबावर कर्णा बांधू, म्हणजे हाळी देणारा घरचाच झाला. मला ऐकूनच भरून आलं. तू इतक्या लांब, आणि तुझा आवाज रोज सकाळी आपल्या वखारीत. ओंडक्याचं गाणं त्या कॅसेटमध्ये आहे ना? असेल तर पाठवून दे. मी घरी सांगितलं तेव्हा हे कोयत्याला धार लावत बसले. यांच्या अशा वागण्याचा अर्थ लावायचं मी केव्हाच सोडून दिलंय.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आहे तेवढी माया आहेच, पत्र लिहीत राहिलास तर वाढेलही.

तुझी,
ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कॅसेट सोबत पाठवतोय. पुठ्ठ्याच्या दोन डब्यांत घातलीय, टपालवाले पाकिटांवर बसतात असं ऐकलंय. तुझं पत्र वाचून मी खोलीत उभाच राहिलो. मोठ्या मैदानांत गायलो, पण आपल्या वखारीच्या खांबावरून गायला मिळणार याची सर कशाला नाही. भाऊजींना विचार, ओंडका उचलताना मेव्हण्याचं ऐकावं लागणार, चालेल ना म्हणून.

ओंडक्याचं गाणं पहिलंच आहे.

खांदा माझा, ओझं तुझं,
घाम माझा, घर तुझं,
हं, उचल!

रेकॉर्डिंगची गंमत सांगतो. बाबा आणि मी ‘घर तुझं’ नंतर थांबायचो बघ, तसाच मी तिथेही थांबलो. काचेपलीकडच्या माणसाने हात हलवून सगळं बंद केलं आणि विचारलं की विसरलात का? म्हटलं, नाही, इथे थांबायचंच असतं. किती थांबायचं असतं, तर ते मला सांगता येईना. कधी एक श्वास, कधी चार. तो म्हणाला की ऐकणाऱ्याला वाटेल टेप अडकली. मग ढोलकवाल्याला बसवलं, त्याने ठोका बांधून दिला आणि गाणं असं काही सुटलं की काचेपलीकडचाही पाय हलायला लागला. आता मैदानात याच गाण्यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडतात.

कार्यक्रम रोज असल्यासारखेच आहेत. काच ओतायच्या भट्टीवरचा एक जण परवा भेटायला आला. पगार कापला तेव्हा त्या लोकांनी मालकाच्या खोलीबाहेर उभं राहून माझं गाणं म्हटलं, आणि मालकाने उठून खिडकी लावून घेतली. पगार परत मिळाला का ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण खिडकी लावून घेतली हे सांगताना त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास. त्यासाठी मी गातो, ताई. बाकी फोटो वगैरे सगळं झूट आहे.

तरी मला कुठे चैन पडत नाही. खोलीत गेलो की खिडकी उघडतो, मग दार उघडतो, मग जिना उतरून रस्त्याच्या टोकापर्यंत जातो आणि तिथे काहीच काम नसतं म्हणून परत येतो. हॉटेलचा नोकर माझ्यावर पाळत ठेवून आहे. गाताना हात कुठे ठेवावेत तेही आताशा कळत नाही. वखारीत असं कधी झालं नव्हतं, तिथे हाताला पहार असायची.

मंडळींना गाणं आवडलं का ते सविस्तर लिही. तुझी माया वाढेल म्हणतेस, तर हे पत्र लांबवलंय ते लक्षात घे.

तुझा,
धाकटा


२४ फेब्रुवारी

चि. गवईबुवांस,
अ. उ. आ. वि. वि.

कॅसेट धडधाकट पोचली. टपालवाले तिच्यावर बसले नाहीत.

पहिल्या दिवशी मुकादमाने कर्णा लावला आणि तुझा आवाज आला तेव्हा आम्ही सगळ्या बायका कोयते खाली ठेवून उभ्या राहिलो. माझ्या शेजारची तर डोळे पुसायला लागली, आणि तिने तुला कधी पाहिलेलंही नाही. गडी असे उत्साहात होते की जेवणाच्या सुट्टीआधीच पहिले ट्रक रिकामे. मुकादमाने हातात हात घेऊन माझं अभिनंदन केलं. आजवर त्याने मला कधी नीट हाक मारली नव्हती.

आता नवलाई सरली आणि गाणं कामाला लागलंय. दिवसभर तेच वाजतं, संपलं की मुकादम मागे फिरवतो. ट्रक वाढलेत. हे घरी येतात आणि ताटावरच डुलक्या घेतात. मी म्हटलं, माझ्या भावाने तुम्हाला पळवलंय की काय? तर म्हणाले की तुझा भाऊ चांगला गातो, पण तो आमच्याकडे बघत नाही. मला हसू आलं. कर्णा कसा बघणार?

पण मग मीही लक्ष देऊ लागले. आपल्यातला म्हातारा, ज्याला सगळे काका म्हणतात, त्याला पाय रोवायला वेळ लागतो. बाबा त्याच्यासाठी थांबायचे, आणि तो चिडू नये म्हणून खोकल्यासारखं करायचे. तुझं गाणं थांबत नाही. काल काकाचा पाय नीट बसला नव्हता आणि उचल आलं, तेव्हा मी इकडून जोरात थांब म्हणून ओरडले. कुणाला, तर कर्ण्याला. सगळे इतके हसले की काका पण हसला. मलाही हसावं लागलं, पण दुपारभर मी काकाच्या पायांवरून नजर काढली नाही.

मुकादमाला मी म्हटलं की मधूनमधून माणूसच उभा करा. तो म्हणाला की आता हाळीवाल्याची गरजच उरली नाही, एक माणूस वाचला. हे मला बरोबर वाटलं नाही. पण कॅसेट मागवणारी मीच, तर तोंड वर करून काय बोलणार?

तू जिने उतरणं बंद कर आणि झोपत जा. अंगाने सुटला असशील तर फोटो पाठव, वाळला असशील तर पाठवू नकोस. आशीर्वाद तर रोजच असतात, आज पत्रातून पाठवतेय.

तुझी,
ताई


१९ मार्च

रा. रा. मेव्हणे यांस,
सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून दचकू नका. लग्न ठरलं तेव्हा तुमच्या वडिलांना एक लिहिलं होतं, त्यानंतर हेच. तुमच्या ताईने मला शपथ घातली आहे की तुम्हाला कळवायचं नाही. ती पाण्याला गेल्यावर लिहितोय, आणि शपथ मोडली हे तिला तुम्हीच सांगा, माझ्यात तेवढी हिंमत नाही.

गेल्या आठवड्यात पाऊस पडून वखारीत चिखल झाला होता. आम्ही आठ जण एका मोठ्या ओंडक्याला लागलो. काका माझ्या पुढे होता. त्याचा पाय सरकला, तो दुसरी जागा बघत होता, तेवढ्यात कर्ण्यातून उचल आलं. सात जणांनी उचललं. आम्हाला दिसत होतं की काका तयार नाही, पण खांदे ऐकतात ते हाळीचं, डोळ्यांचं नाही. तशीच सवय लावून घेतलेली असते. ओंडका फिरला. काकाला मी ढकललं आणि माझा उजवा पाय खाली राहिला. कर्णा पुढे गातच होता. पुढच्या कडव्यालाही उचल आहे, तेही ऐकलं.

डॉक्टर म्हणतात की चालेन. ओझं उचलता येणार नाही. खांदा शाबूत आहे, पण नुसत्या खांद्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. दिवसभर खाटेवर बसून दाराकडे बघतो. मला बसायची सवय नाही.

तुमची ताई माझ्याशी नीट बोलत नाही. राग नाही, तिला तोंड दाखवावंसं वाटत नाही. म्हणते की कॅसेट मी मागवली. मी म्हटलं, आण म्हणणारा मुकादम, गाणारा भाऊ आणि उचलणारा मी, तू एकटीच कशाला सगळं घेतेस? तर उठून भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी होती.

आता मुद्द्याचं. गड्यांनी काम बंद केलंय. कर्णा उतरवा आणि हाळीला माणूस उभा करा, एवढंच मागणं आहे. मालक म्हणतो की गाणं बरोबर होतं, माणसं तालाबाहेर गेली. वर म्हणतो की हा तर तुमच्याच माणसाचा आवाज, तुमच्याच वखारीतलं गाणं, तुम्हीच आणवलंत, मग तक्रार कुणाविरुद्ध करता? याला काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला सुचलं तर कळवा. मात्र ताईला विचारल्याशिवाय उठून इकडे येऊ नका, ती माझं डोकं खाईल.

तुमच्यावर राग नाही हे लिहायचं राहत होतं. लोभ होता तो आहे.

आपला,
भाऊजी


२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींचं पत्र आलं. त्यांना बोलू नकोस, मी त्यांच्या पाया पडतो आणि तुझ्याही.

काय लिहू? चार वेळा कागद फाडला. कर्णा पुढे गातच होता असं त्यांनी लिहिलंय. त्या ओळीपाशी आलो की माझं वाचणं थांबतं, मी खोलीत फेऱ्या घालतो, परत तीच ओळ वाचतो. भाऊजी खाली पडलेले आणि मी वरून उचल, उचल म्हणतोय. मला माहीत होतं गं. आपण का थांबतो ते बाबांनी मला समोर उभं करून, खांदे धरून शिकवलं होतं. बघ आधी, मग गा. टाळ्यांच्या नादात मी बघायचं सोडलं. रेकॉर्डिंगच्या खोलीत बघायला कुणी नव्हतंच, समोर काच होती.

काल इथे कार्यक्रम होता. जायचं नव्हतं, पण लोक चालत लांबून आले होते. ओंडक्याचं गाणं म्हणायला लावलंच. ‘घर तुझं’पाशी मी थांबलो. खरंच थांबलो, जसे बाबा थांबायचे तसा. तर लोकांना वाटलं मी विसरलो. सगळं मैदान मिळून मला ओळ सांगायला लागलं, उचल, उचल म्हणून. हजारो माणसं, कष्टाचीच सगळी, आणि एकालाही थांबवेना. मी स्टेजवरून उतरलो. आयोजक मागे धावले. त्यांना सांगितलं की प्रकृती ठीक नाही, आणि ते खोटंही नव्हतं.

मालकाला मी कडक पत्र टाकलंय की माझा आवाज वखारीत वाजवायला माझी परवानगी नाही. तो ते केरात टाकेल हे मलाही कळतं. म्हणून दुसरं ठरवलंय. पुढचे सगळे कार्यक्रम सोडतो आणि परत येतो. हाळीला मी उभा राहतो, बाबांच्या जागेवर. पगार दिला तर दिला. हे गाणं मी यापुढे स्टेजवर म्हणणार नाही. तू फक्त ये म्हण. सामान बांधून ठेवलंय, खोलीत बसायला जागा नाही, ट्रंकेवर बसून लिहितोय.

तू माझ्यावर रागाव, पण बोलणं टाकू नकोस. तेवढंच मागणं आहे.

तुझाच,
धाकटा


८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या भाऊजींना मी काय बोलायचं ते बोलून घेतलं. आता त्यांचं सांत्वन करायला पत्र टाकू नकोस, त्यांना उगाच माज चढेल.

आधी इथलं ऐक, मग तुझं बघू. काम बंद होऊन बरेच दिवस झाले होते. फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागलेली, आणि आम्ही सगळे तिथेच उभे. मालकाला वाटलं की पोटं रिकामी झाली, आता हे लोक निमित्त शोधत असतील. म्हणून एका सकाळी त्याने कर्णा फाटकाकडे वळवून तुझं गाणं लावलं. आणि काय सांगू तुला, पाय हलायला लागले. कुणालाच आत जायचं नव्हतं, पण तुझा आवाज आला तसे खांदे खाली झुकले, आपोआप. बारक्या तर दोन पावलं आत गेलाही आणि तिथे जाऊन बावचळला. मुकादम दारात उभा राहून हसत होता. तेव्हा मला पहिल्यांदा तुझ्या आवाजाची भीती वाटली.

मी फाटकाबाहेरच्या ओंडक्यांच्या ढिगावर चढले. कशी चढले ते मला विचारू नकोस. बाबांची ठेवायची हाळी दिली, ओझं खाली टेकवताना द्यायची ती. तुझ्या कॅसेटमध्ये ती नाहीच, ठेवण्यावर टाळ्या कोण देणार?

हळू रे, भुई आली,
सोड रे, भुई आली.

माझा आवाज कसला, साल सोलणारीचा. पण ती हाळी त्या अंगांना उचलण्याइतकीच ओळखीची आहे. एकेक करून सगळे खाली बसले. काका बसला, बारक्या फाटकाच्या आत होता तिथेच बसला. मग आमच्या बायकांनी ती उचलून धरली. कर्णा वरून उचल म्हणतोय आणि खाली सगळी वखार बसलेली. बऱ्याच वेळाने मालकाने स्वतः येऊन तो बंद केला.

मिटलं असं म्हणणार नाही. कर्णा उतरला. हाळीला माणूस ठेवायचं कबूल झालं, पण मालकाने विचारलं की माणूस आहे कुठे? गड्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मुकादमाने थट्टा केली की बाईच्या आवाजावर ओंडका हलेल का? काका म्हणाला की बाईला डोळे आहेत. सध्या महिनाभर बघू असं ठरलंय. सोलायची मजुरी गेली आणि हाळीची अजून ठरली नाही, ते भांडण पुढे आहे. तुझे भाऊजी खाटेवरून मला सूचना देतात. मी ऐकून घेते, कारण त्यांच्याजवळ दुसरं काम नाही. रात्री पाय ठणकतो तेव्हा दोघंही जागे असतो. आता बोलतो मात्र.

आता तुझं. हाळीला येऊ नकोस. अपराध फेडायला आलेला माणूस समोर उभा राहिला, तर तो स्वतःकडेच बघत राहील, पायांकडे नाही. भाऊजींना भेटायला ये, चार दिवस त्यांच्याजवळ बस, त्यांना शिव्या घालू दे. मग परत जा. गाणं सोडायचंही नाही. त्या भट्टीवाल्याच्या मालकाने खिडकी लावून घेतली ती तुझ्या गाण्याने, ती तू उघडून देणार आहेस का? म्हण, पण थांबून म्हण. लोक ओरडले तर ओरडू देत. आधी त्यांना सांग की इथे का थांबतात. भाऊजींचं नाव घेऊन सांग, मी त्यांना विचारलंय.

मला अजून जमत नाही नीट. घसा बसलाय, गरम पाणी पिऊन पिऊन पोट डबडबलंय. पहिल्या दिवशी मी इतकी थांबले की मुकादमाने घड्याळ काढलं. काढू दे. काल यांच्या जागी नवा माणूस लावला, तरणा आहे, घाबरट आहे. यांच्याच जागेवर, काकाच्या मागे. पाय कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हतं. मी ओळ म्हटली आणि थांबले. त्या जागेवर दुसऱ्याचे पाय बघून मला एकदम रडू आलं. पण हाळी देणाऱ्याला रडून चालत नाही रे, डोळ्यांत पाणी आलं की पाय दिसत नाहीत. म्हणून मी थांबले, डोळे पुसले, परत बघितलं. आठही जण ओझ्याला लागून माझ्याकडे बघत होते. त्याचा पाय रोवला गेला, मग मी उचल म्हटलं.

येशील तेव्हा आधी कळव. जीव लावून आहोतच, तूही सावकाश ये.

तुझी,
ताई